आजीच्या नाचातले अर्धे क्षण

आमच्या आत्याची हळद १९९९ सालची, चिंचपाड्यातल्या जुन्या घरासमोरच्या अंगणात झालेली. मांडव, बेंजो, हॅलोजनचा दिवा उंच धरून कॅमेऱ्याच्या मागे-मागे पळणारा एक पोरगा, धवलारणीचा खणखणीत आवाज आणि या सगळ्याच्या मधोमध नाचणारी आजी. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मला आजी आठवते ती शेवटच्या दोन-तीन वर्षांतली, खाटेवर बसलेली. नाचणारी आजी मी फक्त या व्हिडिओतच पाहिली आहे.

चिंचपाडा आता नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली जी दहा गावं उठली, त्यातलं ते एक. आम्ही आता करंजाडेच्या बाजूला राहतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. त्या दिवशी गच्चीवर उभं राहून पप्पा म्हणाले, ‘‘अंगण कुठे होतं, ते आता दाखवताही येणार नाही.’’ दाखवता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, कपाटातली व्हीएचएस कॅसेट. म्हणजे खरं तर तिची २००८ मध्ये करून घेतलेली डीव्हीडी, कारण कॅसेट लावायला घरात व्हीसीआर कधीचाच उरलेला नाही. आणि आताच्या लॅपटॉपला डीव्हीडीचा ड्राइव्हही नसतो. म्हणून मग पप्पांनी ती डीव्हीडी एका दुकानात दिली आणि पेनड्राइव्हवर एमपीफोर फाइल करून आणली.

फाइल टीव्हीवर लावली. आवाज एकदम नीट. पण आजी नाचायला लागली की चित्र अडखळायचं. हात वर जाताना मध्येच थबकायचा, मग पुढे उडी मारायचा. गिरकी घेतली की पदराच्या कडेला करवतीसारखे दाते उमटायचे. आत्या बराच वेळ गप्प बसून बघत होती. शेवटी म्हणाली, ‘‘आई अशी अडखळत नव्हती रे नाचत.’’

पप्पा दुकानात विचारून आले. उत्तर मिळालं, ‘‘जुनी कॅसेट आहे, असंच दिसणार.’’

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या दुकानदाराशी नाही, त्यानं मिळणाऱ्या पैशात होईल तेवढं काम केलं. पण ‘जुनं आहे, असंच असणार’ हे वाक्य आपण फार पटकन मान्य करतो. आमच्या बाबतीत ते साफ चुकीचं निघालं. कॅसेटनं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघाड २०२५ सालचा होता.

हे कळलं कसं? मित्राकडून यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, डीव्हीडी व्हीएलसी प्लेअरमध्ये लावली आणि व्हिडिओच्या मेन्यूतलं ‘डीइंटरलेस’ चालू केलं. बस्स. आजी पाण्यासारखी वाहत नाचायला लागली. डीव्हीडी तीच, हळद तीच. मग फाइल करताना नेमकं काय झालं? ते शोधण्यात माझे तीन रविवार गेले. तुमचा एकही जाऊ नये, म्हणून सांगतो.

आपला जुना टीव्ही चित्र दाखवायचा कसा, इथून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे पाल ही पद्धत होती. एका चित्रात ६२५ आडव्या ओळी, त्यातल्या ५७६ मध्ये प्रत्यक्ष चित्र, आणि सेकंदाला २५ चित्रं. पण सेकंदाला २५ वेळाच पडदा उजळला असता तर डोळ्यांना लुकलुक जाणवली असती. आणि पूर्ण चित्रं ५० पाठवायची तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागली असती. म्हणून इंजिनीअर लोकांनी एक युक्ती केली. आधी विषम ओळी पाठवायच्या, पहिली, तिसरी, पाचवी. मग सम ओळी, दुसरी, चौथी, सहावी. अशा अर्ध्या चित्राला म्हणतात फील्ड. सेकंदाला ५० फील्ड. हा ५० चा आकडाही आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेशी जुळवून घेतलेला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून त्यांच्या टीव्हीचा हिशोब ६० फील्डचा. ओळी अशा एकमेकींत गुंफलेल्या, म्हणून याला ‘इंटरलेस्ड’ व्हिडिओ म्हणतात.

यातली खरी गंमत अशी की, ही दोन अर्धी चित्रं एकाच क्षणाची नसतात. व्हिडिओ कॅमेरा विषम ओळी टिपतो, मग एक पन्नासांश सेकंदानं सम ओळी टिपतो. तेवढ्यात आजीचा हात पुढे गेलेला असतो. जुन्या डबा टीव्हीवर हे कधी खटकलं नाही, कारण तो टीव्हीही ओळी तशाच एकाआड एक रंगवायचा. आजचे सपाट पडदे, मोबाइल, लॅपटॉप मात्र पूर्ण चित्र एकदम दाखवतात. दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकत्र चिकटवून दाखवल्या की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. पदरावरचे ते दाते हेच.

म्हणून फाइल करताना ‘डीइंटरलेस’ करावं लागतं, म्हणजे गुंफलेल्या ओळी सोडवून प्रत्येक क्षणाचं पूर्ण चित्र तयार करायचं. ते चुकलं किंवा केलंच नाही, की अडखळणं सुरू होतं. पण अडखळण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. डॉक्टर जसा खोकला कोरडा की ओला हे आधी विचारतो, तसं इथेही आधी निदान करायचं. व्हीएलसीमध्ये इंग्रजी ‘ई’चं बटण दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. नाचाचा किंवा पळण्याचा प्रसंग निवडा आणि बघा.

पहिला प्रकार: पाच फ्रेम नीट पुढे जातात आणि सहावी पाचवीसारखीच दिसते. याचा अर्थ २५ फ्रेमचा व्हिडिओ ३० फ्रेमचा केला आहे. जास्तीच्या ५ फ्रेम आणायच्या कुठून? मग दर सेकंदाला पाच फ्रेम पुन्हा वापरल्या. गाडी सिग्नलला थांबत-थांबत जावी तसं चित्र जातं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ३० हा आकडा आधीच भरलेला असतो आणि आपण तो बघतही नाही. आमच्या फाइलचा मुख्य आजार हाच होता.

दुसरा प्रकार: चित्र दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे जातं. ही फील्डच्या क्रमाची चूक. आधी विषम ओळी की आधी सम, हे सॉफ्टवेअरला चुकीचं कळलं तर क्षणांचा क्रम होतो २, १, ४, ३, ६, ५. माझ्या पहिल्या प्रयत्नात आजी अशीच थरथरत होती. फाइलवर लिहिलेला क्रम आणि आतला खरा क्रम वेगळा होता. हातानं उलटा क्रम सांगितला आणि थरथर गेली. मिनी डीव्हीच्या छोट्या कॅसेटमध्ये खालचं फील्ड आधी असतं, तर नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांमध्ये सहसा वरचं. ‘मीडियाइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर फाइलवर काय लिहिलंय ते सांगतं. ते खरं आहे का, हे मात्र डोळ्यांनीच तपासायचं.

तिसरा प्रकार जास्त फसवा. दाते नाहीत, पुनरावृत्ती नाही, सगळं स्वच्छ, तरीही नाच कोरडा वाटतो, लुकलुकत्या दिव्याखाली बघितल्यासारखा. इथे डीइंटरलेस केलेलं असतं, पण दोन फील्डमधून एकच फ्रेम केलेली असते. म्हणजे सेकंदाला ५० क्षण होते, त्यातले २५ ठेवले आणि २५ टाकून दिले. अनेक सॉफ्टवेअरमध्ये न विचारता असंच होतं, आणि फार थोड्या लोकांच्या ते लक्षात येतं.

चौथा प्रकार असाध्य. दाते तर आहेत, पण जाड, पसरलेले, लाटांसारखे. म्हणजे आधी चित्राचा आकार बदलला आणि गुंता तसाच ठेवला. ५७६ ओळी ताणून ७२० केल्या की कुठली ओळ कुठल्या क्षणाची हे हरवतं, मग ती सोडवता येत नाही. आमच्या फाइलमध्ये हेही होतं. शिवाय जुन्या चौकोनी चित्राला रुंद पडद्याएवढं ताणलं होतं, त्यामुळे सडपातळ आजी उगाच जाड झाली होती. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका. सरळ मुळाकडे, म्हणजे डीव्हीडीकडे किंवा कॅसेटकडे परत जा.

आता उपाय. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात फिल्टर्समध्ये जाऊन डीइंटरलेस निवडायचं, पद्धत ‘यादिफ’ किंवा ‘बीडब्ल्यूडिफ’, आणि प्रकार ‘बॉब’. बॉब म्हणजे प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम. फ्रेमरेट ५० असा ठरवून द्यायचा. आकार ताणायचा नाही, चित्र चारास तीनच ठेवायचं. आणि क्रम पक्का लक्षात ठेवायचा, आधी गुंता सोडवायचा, मग हवं तर आकार बदलायचा. पूर्ण तीन तासांची फाइल करण्याआधी नाचाचा एक मिनिटाचा तुकडा करून बघा. मी बघितला नव्हता. दोनदा रात्रभर लॅपटॉप चालवून चुकीची फाइल हाती आली, तेव्हा शहाणपण सुचलं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सगळ्याच डीव्हीडींना हे औषध देऊ नका. सिनेमा फिल्मवर चित्रित झालेला असला की त्याची दोन्ही फील्ड बहुधा एकाच क्षणाची असतात, तिथे डीइंटरलेस केलं तर चांगलं चित्रच खराब होतं. दुसरं, बऱ्याच मोबाइलचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, त्यामुळे ५० फ्रेमच्या व्हिडिओत अगदी बारीक हिसका एखाद्याला जाणवेल. तो पडद्याचा दोष आहे, फाइलचा नाही. त्यापायी फाइल ३० किंवा ६० ची करू नका.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, भावा, एवढा बारकावा कुणाला हवाय? पप्पाही हेच म्हणाले, ‘‘माणसं ओळखू येतात ना, मग झालं.’’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फोटोच्या बाबतीत मी तो मान्यही केला असता. पण आजीचा चेहरा आमच्याकडे फोटोत आहेच. हा व्हिडिओ ठेवायचा तो तिच्या हालचालीसाठी. ती गिरकी कशी घ्यायची, ठेका चुकवून पुन्हा कसा पकडायची, शेजारणीला हाताला धरून कशी ओढायची. हालचालच तुटकी ठेवली तर नेमकं काय जपलं आपण? कॅमेऱ्यानं त्या रात्री आजीचे सेकंदाला ५० क्षण टिपले होते. त्यातले निम्मे आपण एका न बघितलेल्या सेटिंगपायी टाकून देतो, आणि वर म्हणतो, ‘जुनं आहे, असंच दिसणार.’ शिवाय पुढच्या पिढीला मूळ कसं होतं हे माहीतच नसेल. माझ्या भाचीनं फक्त दुकानातली फाइल बघितली असती, तर तिच्यासाठी पणजी कायमची अडखळणारी झाली असती. आत्या शेजारी बसलेली होती, म्हणून आम्हाला कळलं.

आणि वेळ थोडा आहे, हे भीती घालायला सांगत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई, तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज जे व्हीसीआर आहेत ते जुने, आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून जुने. त्यात आपली कोकणपट्टीची हवा. चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या कॅसेटला बुरशी लागते. पांढरट डाग दिसले तर ती तशीच मशीनमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि मशीनही.

आणखी एक मोह आहे. ‘एआयनं करू ना, एका क्लिकमध्ये फोरके!’ मीही करून बघितलं. आजीचा चेहरा गुळगुळीत झाला, कपाळावरचं गोंदण गायब, आणि मागे बसलेल्या बायकांना कुणा भलत्याच बायकांचे डोळे आले. फ्रेमच्या मध्ये नव्या फ्रेम घालणारं एआय तर न घडलेली हालचालच रचतं. इथे तर खऱ्या ५० फ्रेम मुळात हातात आहेत! आधी खरं सोडवून ठेवा. सजवायचं असेल तर नंतर वेगळी प्रत करून सजवा, मूळ फाइलला हात लावू नका.

आता जे म्हणायचंय ते. हे काम आपल्या पिढीचं आहे. आईवडिलांना फील्ड आणि फ्रेम शिकवायची गरज नाही, आपण शिकायची आहे. रील एडिट करताना आपण ३० की ६० यावर वाद घालतो, ट्रान्झिशन अर्धा सेकंद उशिरा आलं तर चिडतो, आणि घरातल्या एकुलत्या एका व्हिडिओच्या वेळी ‘चलता है’ म्हणतो. दुकानात द्यायची असेल तर जरूर द्या, पण चार प्रश्न विचारून द्या. मूळ इंटरलेस्ड फाइल वेगळी देणार का? एमपीफोर ५० फ्रेमची करणार का? चित्र चारास तीन राहणार का? आधी एक मिनिटाचा नमुना दाखवणार का? गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानही शिकतं. केकवर नाव कसं लिहायचं हे आपण तीनदा सांगतो, मग इथे लाज कसली?

आणि हे प्रत्येकानं एकट्यानं करायचं कामही नाही. सिनेमा जपायला १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आपल्याकडे पूर्ण उरलेला नाही, काही भागच उरला आहे. लग्नाच्या कॅसेट जपायला तर कुणीच नाही. पण दहा गावं उठलेल्या आमच्या भागात या कॅसेट म्हणजे फक्त लग्नं नाहीत. त्यात घरं आहेत, पडव्या आहेत, देवळाचा पार आहे, धवलारणींचे आवाज आहेत. नवरा-नवरीच्या मागे चुकून टिपलं गेलेलं अख्खं गाव आहे. आपल्या कॉलेजांमध्ये मीडियाचे वर्ग आहेत, एडिटिंगची मशीनं आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत ती धूळ खात पडतात. एक चालू व्हीसीआर, एक बरं कॅप्चर कार्ड आणि दहा मुलं एवढ्यावर महिन्यात दोन रविवार ‘कॅसेट घेऊन या’ असा उपक्रम चालू शकतो. महापालिकेनं एखाद्या वाचनालयात खोली दिली तर आणखी उत्तम. ही मागणी कुणीतरी करायला हवी, म्हणून या पानावरून मी करतोय.

शेवटची फाइल तयार झाली त्या रविवारी आत्याला पुन्हा बोलावलं. टीव्हीवर लावली. आजी मांडवात आली, पदर खोचला, हात वर केले आणि एकही दाता न उमटता गिरकी घेतली. आत्या काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं रिमोट मागितला आणि मागे नेऊन तोच भाग परत लावला. मग पडद्यावर बोट ठेवून पप्पांना म्हणाली, ‘‘हे बघ, ही डावीकडची विहीर. तू विसरलास बघ, विहीर अंगणाच्या या बाजूला होती.’’ पप्पा पुढे सरकून बघायला लागले.

कॅसेट मी फेकलेली नाही. डीव्हीडी २००८ च्या यंत्रानं केलेली, तिच्यापेक्षा कॅसेटमधून थेट घेतलेलं चित्र कदाचित अजून चांगलं निघेल. सध्या चालू व्हीसीआर शोधतोय. तुमच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.